हिला आवाज दे

माणसाला माणसाचा हेवा वाटतो, ते मला समजतं. मला मात्र यंदाच्या हिवाळ्यात एका माइकचा हेवा वाटत होता. काळ्या दांड्याच्या टोकाला करड्या केसांचं टोपडं घातलेला माइक. आत वारा शिरू नये म्हणून ते टोपडं असतं म्हणे. लांबून बघितलं तर कुणीतरी काठीवर मांजराचं पिल्लू बसवलंय असं वाटायचं. तो रोज सकाळी माझ्या नवऱ्याच्या खांद्याशी असायचा, जिथं खरं तर मी असायला हवी होते, आणि मी लांब चिंचेखालच्या बाकावर बसून जळत असायचे.

ह्यांचे डोळे काचबिंदूनं गेले. एकदम नाही, कडेकडेनं गेले. आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. मग रस्ता ओलांडताना बाजूनं येणारी रिक्षा दिसेना. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायचे ते, इथंच हैदराबादेत, तारनाक्याला. निवृत्त झाले तेव्हा समोरचं तेवढं नीट दिसत होतं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

तेव्हापासून मी बोलतेय. बोलत होते आधीही. माझं माहेर मलकपेठचं, निजामाच्या काळात परभणीकडून आलेलं कुटुंब. घरात इतकी माणसं की मोठ्यानं बोलल्याशिवाय ताटात दुसरी पोळी पडायची नाही. पुढं शाळेत शिकवलं, तिथंही घसा ताणूनच. पण ह्यांचे डोळे गेल्यावर माझ्या बोलण्याला काम मिळालं. गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो की मी सुरू करायचे. समोर इस्त्रीवाल्यानं नवी छत्री लावलीय, निळी. तिच्याखाली कुत्रं झोपलंय. वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी मिरच्या वाळत घातल्यात, निम्म्या कबुतरांनी उधळल्यात. हे ऐकायचे, मधेच "हौ?" म्हणायचे. त्यांना काही हवं असलं की आतून आवाज द्यायचे, आणि मी जिथं असेन तिथून सांगत सुटायचे. आपण कुणाचे तरी डोळे आहोत ह्याचा एक माज असतो. तो मला होता आणि तो मला आवडतही होता.

मग समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याचं जोडपं राहायला आलं. दोघंही आयटीतली. ती माझ्या बंगळूरच्या मुलीच्या वयाची. कुणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून हे आधीच सांगून टाकते. काका-काकू म्हणायची, गोड बोलायची, मराठी एकदम इस्त्री केलेली. आमची मराठी ऐकून तिला गंमत वाटायची. एकदा मी तिला म्हटलं, "परवा तू कढीपत्ता मागायला आली होतीस ना, तेव्हाच सांगणार होते." तर ती बोटं मोजायला लागली. "परवा? काकू, परवा तर मी पुण्यात होते!" आता हिला कोण सांगणार की हैदराबादेत परवा म्हणजे मागचा कुठलाही दिवस, हवं तर गेल्या दिवाळीतला. मी म्हटलं, "काय की बाई, तसाच कुठलातरी परवा." ती हसली. मीही हसले. तेव्हा मला ती आवडायची.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती तिच्या दारासमोरच्या जिन्यात तो केसाळ माइक धरून उभी होती. आमचं दार उघडंच होतं. ती हळूच म्हणाली, "काकू, ऐकलंत? तांबट पक्षी बोलतोय." लांबून खरंच टुक-टुक-टुक असं चाललं होतं. मी काही बोलायच्या आत आतून ह्यांचा आवाज आला.

"तो तांबट नाही. मागच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर आहे."

"कशावरून, काका?"

"तांबट मधे दम घेतो. मोटर घेत नाही. आणि ह्या दिवसांत तो तसाही गप्पच असतो."

ती माइक घेऊन आमच्या बैठकीत आली ती तासभर उठली नाही. मग कळलं की ती आणि तिच्यासारखी आणखी काही मंडळी शहरात ठिकठिकाणी सकाळचे आवाज टिपतात. कुणी नामपल्लीला, कुणी तळ्यांच्या काठी. तिच्या वाट्याला आमच्या शेजारचा विद्यापीठाचा परिसर आला होता. त्यातून तिथं कोण जगतंय आणि कोण जगेनासं झालंय ते समजतं, असं तिनं सांगितलं. जनावरं मोजायला ती दिसावी लागतात, पण झुडपातलं, गवतातलं, पाण्याखालचं कुठं दिसतं? बोलतात मात्र सगळी. आणि प्रत्येकाची बोलायची पट्टी ठरलेली. भारद्वाज खाली घुमतो, शिंपी नि सुभग हे चिमुकले पक्षी वर, किडे त्याच्याही वर. संगणकावर त्याचं चित्र निघतं. चित्र भरगच्च असेल तर जागा जिवंत. मधली एखादी पट्टी कोरी दिसली की समजायचं, तिथला कुणीतरी निघून गेला.

मला हे पटलं. मी शाळेत आयुष्य काढलंय. वर्ग भरलाय की अर्धा रिकामा आहे ते दाराबाहेरूनच गलक्यावरून कळतं, हजेरी नंतर घ्यायची.

"काका, तुम्ही याल माझ्याबरोबर?" तिनं विचारलं. "मशीनला आवाज मिळतात, पण ते कुणाचे हे ओळखायला कान लागतो. तुमचा कान सोन्याचा आहे."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. सोन्याचा कान! इतकी वर्षं त्या कानात शब्द ओतत होते मी, आणि तो सोन्याचा आहे हे सांगायला पुण्याहून माणूस यावा लागला.

पहिल्या सकाळी मीही गेले. जाणारच. खडकातून ह्यांना कोण नेणार होतं? विद्यापीठाच्या मागच्या अंगाला दगडांच्या राशी आहेत, सीताफळाची रानटी झुडपं आहेत, मधे एक तळं. फिरायला येणारे लोक त्या आधीच्या डांबरी रस्त्यावरून परततात, पुढं येत नाहीत. तिनं माइक लावला, बोट ओठांवर ठेवलं आणि मशीन सुरू केलं.

मी गप्प होते. खरंच होते. पण तळ्यापलीकडून लांडोर तीन पिल्लं घेऊन निघाली, आता ते ह्यांना सांगायचं नाही का? मी अगदी हळू, कानाशी सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. "काकू, प्लीज." परत सुरू केलं. ह्यांच्या पायाशी मुंग्यांचं वारूळ होतं, मी म्हटलं, "डावा पाय उचला." परत थांबवलं. तिसऱ्या वेळी मी तोंड नाही उघडलं, पण पदर सावरताना बांगड्या वाजल्या. तिनं कपाळावरचे केस मागे सारले आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही त्या चिंचेखालच्या बाकावर निवांत बसा ना. आम्ही पटकन उरकतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणतील, राहू दे तिला. हे म्हणाले, "बस जा जरा. दमशील."

मी दमत नाही. आयुष्यात दमले नाही. पण गेले.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर सकाळचं चित्र दाखवलं. हिरव्या रेघा पक्ष्यांच्या, निळ्या वाऱ्याच्या नि पाण्याच्या, लाल माणसांच्या. लालमध्ये हॉर्न, विमान, रेल्वे, सगळं. "हा सगळा गोंगाट, काकू. हा आपण बाजूला काढतो." हिरव्याच्या मधोमध एक लाल रेघ आडवीतिडवी पळत होती. मी विचारलं, "हा कुठला हॉर्न?" ती ओठ चावून हसली. "ते तुम्ही आहात."

हेही हसले. मी चहाचे कप उचलले आणि आत जाऊन ते गरजेपेक्षा जोरात घासले.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी रोज ह्यांचा हात धरून चिंचेपर्यंत न्यायचे, तिथं ती पुढं येऊन माझ्याकडून हात काढून घ्यायची. हो, काढून घ्यायची. तिच्या मनात काही नसेल, पण मला तसंच वाटायचं. मग ती दोघं झुडपांच्या पलीकडे दिसेनाशी व्हायची आणि मी बाकावर. तिथं फिरून आलेल्या दोघी-तिघी बायका बसायच्या, त्यांच्याशी मी हिंदी-तेलुगू मिसळून मोठमोठ्यानं बोलायचे. गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याला किती मीठ, कुणाची सून काय म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं. गोंगाट म्हणता ना? घ्या गोंगाट.

घरी आल्यावर ह्यांच्या तोंडी तेच. तळ्याच्या पूर्वेला पावसाळ्याच्या शेवटी दोन जातींचे बेडूक बोलत होते, आणि कुंपणापलीकडे उंच इमारतीचं खोदकाम सुरू झाल्यापासून त्यातल्या एकाची पट्टी कोरी पडलीय. तित्तिर आहेत, पण खडकांच्या आतल्या बाजूला सरकलेत. टिटवीची एकच जोडी उरलीय. हे सांगताना त्यांच्या आवाजात मला न ओळखू येणारी एक काळजी असायची. आणि मी काय सांगायचे? तर इस्त्रीवाल्याच्या छत्रीला भोक पडलं. माझं मलाच फिकं वाटायला लागलं.

मीही प्रयत्न करून बघितला, नाही असं नाही. गच्चीत एकटी उभी राहून कान लावला. मला एकच एक किचकिच ऐकू आली, जशी लग्नाच्या पंगतीत येते. एकदा टुक-टुक ऐकून मी धावत खाली आले. "अहो, तांबट! ह्या वेळी दम घेतोय, मी मोजलं!" हे ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "फरशीवाला आहे. तोही दम घेतो." त्यांनी ते प्रेमानं सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं.

आणि मग माझ्या फोनवर तिचे आवाज यायला लागले.

मी बाकावर बसलेली असायचे आणि फोन टिंग करायचा. तिचं नाव, खाली एक ऑडिओ. काही लिहिलेलं नाही. थोड्या वेळानं आणखी एक. मला कळायचं ना हे काय चाललंय ते. रडणाऱ्या पोराच्या हातावर गोळी ठेवतात, तसं. तुम्हाला आत घेत नाही, पण घ्या, घरी बसून ऐका. मी एकही उघडला नाही. निळी खूण दिसू दे नाही तर न दिसू दे, मी काय तिची बांधील आहे?

असं चाललं असताना एकदा दुपारी जेवताना ह्यांनी विचारलं, "सकाळी आवाज आला होता ना तुला?"

म्हणजे पाठवायला हेच सांगतात तर! मला वाटलं होतं निदान हे तिचं एकटीचं शहाणपण असेल. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आला," मी म्हटलं. "रोजच येतो."

"मग?"

"मग काय? मला नाही त्यात गोडी. तुमचं तुम्ही चालू द्या."

ह्यांचा हात भातावर थांबला. "नक्की?"

"नक्को म्हणजे नक्को. मी सांगितलंय का आवाज द्यायला? माझी मी बाकावर बरी आहे."

"बरं," हे म्हणाले, आणि उरलेला भात घाईनं संपवून उठले. मला वाटलं, लागलं वाटतं. लागू दे.

दोन-चार दिवसांनी त्यांनी आपणहून विषय काढला. "तू कशाला उगीच थंडीत येतेस. ती नेईल मला घरापासूनच. तू झोप."

चाळीस वर्षांच्या संसारात मला कुणी इतक्या सभ्यपणे घराबाहेर काढलं नव्हतं. किंवा घरात कोंडलं नव्हतं, काय म्हणायचं ते म्हणा. मी म्हटलं, "फार बरं होईल." दुसऱ्या दिवशी पहाटे दार लागल्याचा आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रागापेक्षा वाईट काही असेल तर ते त्या पहाटे होतं. घरात कुणीच नव्हतं ज्याला मी काही सांगू. दूधवाला आला, पेपर पडला, समोरच्या कडुलिंबावर काहीतरी पिवळं येऊन बसलं, आणि मी ते बघितलं काय, न बघितलं काय.

जानेवारी असाच गेला. तिचे आवाज यायचे थांबले होते. फक्त एकदा एक आला आणि ह्या वेळी खाली लिहिलंही होतं : "काकू, आजचं रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ!" मी मनात म्हटलं, का नसणार, कचरा घरी बसलाय.

आणि मग माझा फोन भरला. मुलीनं नातीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला तर तो उतरेचना. जागा नाही, काहीतरी काढा, असं फोन सांगायला लागला. काय काढायचं त्याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. मी तिचं नाव उघडलं आणि एकेक आवाज दाबून धरून काढायला लागले. ऊन गॅलरीत आलं होतं, हे अजून परतले नव्हते. माझं बोट कुठं चुकलं कोण जाणे, काढायचा होता तो वाजायलाच लागला.

आधी नुसतं रान. मग तित्तिर, ते मलासुद्धा ओळखू आले. मग लांबून, अगदी लांबून, एक बाई कुणाला तरी सांगत होती की मीठ आधी नाही घालायचं, पाला परतल्यावर घालायचं. मी.

तिचा दबका आवाज : "काका, मागे बोलणं येतंय. थांबवू?"

ह्यांचा : "नको. तो हिचा आहे. राहू दे."

मग पुन्हा रान. टिटवी ओरडली, जवळून. हे श्वास घेतल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "हिला आवाज दे जरा."

"हो काका, देते." आणि खट्. संपलं.

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. हिला आवाज दे.

आमच्याकडे आवाज देणं म्हणजे बोलावणं. मलकपेठेत, तारनाक्याला, आमच्या घरात सगळे असंच म्हणतात : भाऊ आला की आवाज दे, भाजीवाली आली की आवाज दे. पुण्यात हाक मारतात. पुण्याच्या त्या गुणी पोरीच्या डोक्यात पहाटेपासून आवाज म्हणजे रेकॉर्डिंग. आजचे आवाज, कालचे आवाज, टिटवीचा आवाज. काका म्हणाले काकूंना आवाज दे, तिनं दिला. फोनवर.

त्याच सकाळचा दुसरा आवाज मी लावला. सुरुवातीलाच ह्यांनी विचारलं होतं, "दिलास ना आवाज?"

"दिला, काका."

"मग थांबू थोडं. येईल ती."

"हो, येईल," ती म्हणाली. "माणसांना बिचकते ना."

"बिचकत नाही गं. रागावलीय."

ती खुदकन हसली. टिटवीबद्दल चाललंय असं तिला वाटत होतं. मग कितीतरी वेळ त्या आवाजात कुणीच बोललं नाही. पानं हलत होती. एक शिंपी टिवटिवत होता. माझा नवरा तिथं उभा राहून माझी वाट बघत होता आणि मी चिंचेखाली त्याच्या नावानं बोटं मोडत होते. त्याला वाटलं असेल, पक्षी उडू नयेत म्हणून ही पोरगी हात हलवून बोलावत असेल, फोन करत असेल. बघायचं कसं त्यानं? शेवटी ह्यांचा आवाज : "परत एकदा दे बरं आवाज." "देते." खट्.

राहिलेले सगळे ऐकले. जवळजवळ प्रत्येकात ते होतं. कधी टिटवीनंतर, कधी मोरानंतर. मग ती दुपार आठवली. आवाज आला होता ना तुला? आला, रोजच येतो, मला नाही त्यात गोडी. नक्को म्हणजे नक्को. आणि भातावर थांबलेला हात.

शेवटचा ऐकला, तो स्वच्छ. त्यात रान होतं, वारा होता, पक्षी होते. हे काहीच म्हणाले नव्हते. आवाज देऊन देऊन माणूस थांबला होता. मी पलंगावर बसून मोठ्यानं रडले. कुणी टिपत नव्हतं, म्हणून बरं.

हे परतले तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला जाऊन मी काय नि कसं बोलले असते, आणि त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं. मला ते "बरं" नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेल्यावर मी चप्पल घातली. चिंचेखाली कुणी नव्हतं. मी बाकाशी थांबले नाही, पायवाटेनं झुडपांपर्यंत गेले. पलीकडे तळं, आणि तळ्याच्या काठी हे पाठमोरे, स्वेटरची कॉलर आत वळलेली, कुणी नीट केली नव्हती. खांद्याशी तो केसाळ माइक. मशीनचा लाल दिवा लागलेला होता. पाण्याजवळ टिटवी पावलं टाकत फिरत होती, तिला मी दिसले नव्हते. इतकी शांतता होती की मला तिचे पाय चिखलातून निघताना ऐकू आले. इतकं ऐकायला मिळतं होय ह्यांना रोज, मला वाटलं, आणि त्याही क्षणी पुन्हा हेवा वाटला.

मग मी माझ्या मलकपेठच्या गळ्यानं आवाज दिला.

"अहोऽऽऽ!"

टिटवी किंचाळत उडाली. झुडपातून तित्तिर भर्रकन निघाले, कुठं कुठं काय काय होतं ते सगळं उडालं. ती दचकून उलटी वळली, माइक हातातून सुटता सुटता राहिला. हेही वळले, पण भलत्याच बाजूला, खडकांकडे तोंड करून. म्हणून मी पुन्हा दिला. "इकडं! अहो, इकडं!"

आता ते नीट माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून कुठंतरी बघत होते आणि चेहरा तोच, सोन्याचा कान म्हटल्यावर झाला होता तसा. नाही, त्याहून बरा. हे मी पारखून सांगते, मला त्यातलं कळतं.

"ये की!" हे ओरडले. ह्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "केव्हाचा आवाज देतोय तुला!"

मी गेले. कॉलर आधी बाहेर काढली. ती पोरगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काका, पण काकूंना आवाज तर मी रोज देत होते..." असं म्हणता म्हणता ती थांबली आणि हातातल्या फोनकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, सांगावं हिला. मग म्हटलं, आयटीतली आहे, लावेल अर्थ. तेवढं एक आमच्याकडेच राहू दे.

टिटवी तळ्यावर दोन फेऱ्या मारून, शिव्या देऊन झाल्यावर, परत खाली उतरली. ह्यांनी माझा दंड पकडला.

"आता सांग," ते म्हणाले. "कुठं बसलीय? करते काय? इतके दिवस नुसता आवाज ऐकतोय."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पलीकडच्या काठाला आहे, चपट्या दगडापाशी. पाय पिवळेजर्द. डोळ्यांपुढं लाल, कुंकू ओघळल्यासारखं. एक पाय वर धरून उभी आहे, टाकावा की नाही ठरत नाहीये. हे म्हणाले, "हौ?" तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मशीनचा लाल दिवा अजून लागलेला आहे आणि ते करडं टोपडं हळूहळू आमच्याकडे सरकतंय. मी ह्यांच्या कानाभोवती हाताचा आडोसा केला आणि त्या आडोशातच सांगत राहिले.